पेटी माळ्यावर, तबला कोपऱ्यात

या वेळचं पत्र सांगलीहून आलंय. नाव छापू नका असं लिहिलंय, म्हणून छापत नाही. पत्र मोठं होतं, थोडं आटोपशीर करून देते.

"ताई, माझं वय 41. मुलगा 11 वर्षांचा, सहावीत आहे. आठव्या वर्षी त्याला तबल्याच्या क्लासला घातलं. प्रारंभिक आणि प्रवेशिका प्रथम चांगल्या मार्कांनी पास झाला. यंदा प्रवेशिका पूर्णला बसायचंय. पण गेले दोन महिने क्लासचा दिवस आला की त्याचं पोट दुखतं, डोकं दुखतं. परवा रडला आणि म्हणाला, 'मला वाजवायला आवडतं, पण क्लासला नको.' ह्यांचं म्हणणं, सोडतोय तर सोडू दे, अभ्यास तरी करेल, तबल्याचा पुढे उपयोग काय? मामंजी म्हणतात, अर्धवट सोडू दिलंत तर जन्मभर तीच सवय लागेल. मी दोघांच्या मध्ये. आणि माझं दुखणं वेगळंच आहे. मीही आठव्या वर्षापासून पेटी शिकले. माझे बाबा पोस्टात होते. नोकरी लागल्यावर वर्षभर पैसे साठवून 1969 साली त्यांनी पेटी घेतली होती. रोज संध्याकाळी वाजवायचे. दहावीला माझी पेटी बंद झाली ती झालीच. बाबा तीन वर्षांपूर्वी गेले, पेटी माझ्याकडे आली, ती माळ्यावर आहे. खाली काढायचा धीर होत नाही. मुलानेही सोडलं तर मला वाटेल, दुसऱ्यांदा सुटलं. तसा गणपतीत आरतीला कुणी न सांगता तबला घेऊन बसला होता. घड्याळं, रिमोट उघडून बघायचा नाद आहे, त्यात मात्र तासन्‌तास रमतो. जबरदस्ती करू, की सोडून देऊ?"

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही विचारलंय, जबरदस्ती की सोडून देणं. पण तुमच्या मुलाने हा प्रश्न विचारलेलाच नाही. त्याने अगदी स्पष्ट सांगितलंय की वाजवायला आवडतं, क्लासला नको. अकरा वर्षांच्या मुलाला एवढं नेमकं सांगता आलं, याचं मला फार कौतुक वाटलं. आणि गणपतीतली गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून टाकलीत. मला तुमच्या पत्रातलं तेच सगळ्यात मोलाचं वाक्य वाटतं. ज्या मुलाचा तबल्यावरचा जीव उडाला, तो पाहुण्यांनी भरलेल्या घरात आपण होऊन तबला ओढून बसत नाही.

पुढे काही सांगण्याआधी माझ्या घरातली गोष्ट सांगते, म्हणजे मी हे कुठून बोलतेय ते तुम्हाला कळेल. माझी थोरली मुलगी सतार शिकत होती. बाराव्या वर्षी ती म्हणाली, आई, नको. मी ऐकलं नाही. तुमच्या मामंजींसारखंच माझं मत होतं, हाती घेतलेलं पुरं करायचं. शिकवणारे चांगले जाणकार होते, पण मुलींच्या चुकीवर फूटपट्टी चालवायचे. मला ते माहीत होतं आणि मी त्याला शिस्त म्हणत होते. ती आणखी चार वर्षं गेली. मध्यमा पूर्णचा निकाल लागला त्या दिवशी पास झाल्याचा कागद तिने टेबलावर ठेवला, बोटातली सतार छेडायची मिजराब काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. एक शब्द बोलली नाही. तारेने तिच्या डाव्या हाताच्या बोटांना पडलेले घट्टे पुढे दोन-तीन महिन्यांत गेले. सतार आजही माझ्या घरी गवसणीत आहे. ती आता सदतीस वर्षांची आहे, आणि तिच्या घरी रेडिओवर सतार लागली तर ती आवाज बारीक करते. परीक्षा मी पुरी करून घेतली आणि सतार तिच्याकडून काढून घेतली. तुमच्या घरात हे होऊ नये म्हणून आज जरा अधिकारानेच लिहितेय.

अकरा-बाराव्या वर्षी मुलं वाद्य सोडायला का बघतात, याचं एक कारण मी इतक्या वर्षांत पुन्हा पुन्हा पाहिलंय. कान हाताच्या पुढे निघून जातो. आठव्या वर्षी मूल 'धा' वाजवतं आणि आवाज निघाला याचाच त्याला आनंद होतो. तीन वर्षं ऐकून, शिकून त्याला कळू लागतं की खरा 'धा' कसा असतो, डग्ग्याची घुमक कशी असते, आणि आपला आवाज तसा नाही. तो कंटाळत नाही, स्वतःवर नाराज होतो. त्याला ते शब्दांत सांगता येत नाही, मग पोट दुखतं. हे शिक्षण वाया गेल्याचं नव्हे, अंगी लागल्याचं लक्षण आहे. पण नेमक्या याच वेळी आपण त्याच्यापुढे परीक्षेचा फॉर्म ठेवतो. तोच कायदा (बोलांची ठरलेली रचना), तेच त्याचे पलटे, तोंडपाठ व्याख्या, तालाची लिपी, आणि वर्गातल्या दहा-पंधरा मुलांनी एकदम वाजवलेला तोच ठेका, ज्यात स्वतःचा तबला स्वतःलाच ऐकू येत नाही.

परीक्षेबद्दल मला राग नाही, हेही सांगितलं पाहिजे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते गाणं सामान्य घरातल्या मुलामुलींपर्यंत पोचावं म्हणून. त्यांच्या शिष्यांनी 1931 मध्ये या परीक्षा घेणारं जे मंडळ उभारलं त्याचं मुख्यालय तुमच्या शेजारी, मिरजेला आहे. या परीक्षांमुळे कितीतरी घरांत 'मुलीला गाणं शिकवू का?' हा प्रश्नच उरला नाही. तुमचं स्वतःचं शिक्षण त्याच वाटेने झालं असणार. पण परीक्षा हा मैलाचा दगड आहे. वर्षभर दगडाकडेच बघत चालायला लावलं तर मुलाला रस्ता कधी दिसणार?

तेव्हा पहिली गोष्ट, यंदाची परीक्षा सोडा. तबला नाही, परीक्षा. सरांना स्वतः जाऊन भेटा, फोनवर नको. म्हणा, "सर, यंदा त्याला परीक्षेला बसवायचं नाही, पण तुमच्याकडे शिकायचंय. आठवड्यातून एकदाच येईल. त्याला आरतीला, भजनाला लागणारे ठेके चांगले बसवून द्या. केरवा, दादरा, भजनी." बहुतेक शिक्षकांना हे आवडतं, कारण परीक्षेच्या धबडग्यात त्यांचाही जीव गुदमरलेला असतो. आणि सर म्हणाले की परीक्षा नाही तर क्लास नाही, तर त्यांना नमस्कार करून दुसरीकडे बघा. सांगली-मिरजेत शिकवणाऱ्यांना तोटा नाही.

आता खरा मुद्दा. तुमच्या मुलाला साथ नाही. तबला आणि पेटी ही मुळात साथीची वाद्यं. स्वतंत्र तबलावादन आहेच, पण तिथेही कुणीतरी लेहरा, म्हणजे पेटीवर फिरत राहणारी एक ओळ, धरावाच लागतो. आणि आपण मुलाला काय करतो? 'आत जा, दार लाव, अर्धा तास रियाझ करून ये.' कुणाची साथ करायची त्याने? भिंतीची? गणपतीत तो आपण होऊन बसला, कारण तिथे गाणारे होते, टाळ होते, त्याच्या ठेक्यावर चाललेलं काहीतरी होतं. तो थांबला असता तर आरती लंगडी पडली असती. आपल्यावाचून अडतंय, हे मुलाला एकदा कळलं की त्याला रियाझाला बस म्हणावं लागत नाही.

जिथे जिथे मुलं वाद्य शिकली आणि जन्मभर धरून राहिली, तिथे हेच दिसतं. आळंदीला जोग महाराजांनी 1917 मध्ये वारकरी शिक्षण संस्था काढली. त्या परंपरेत मृदंग शिकणारं पोर लवकरच भजनात, कीर्तनात उभं राहतं. चुकलं तर बाजूचे टाळकरी सांभाळून घेतात आणि पुढचा अभंग सुरू होतो. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमधून लहान मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत, कारण रविवारच्या मिसाला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, गाणारे-वाजवणारे लागायचे. म्हणजे आठवडाभर घोटलेलं रविवारी गावासमोर वाजायचं. त्याच मुलांमधून पुढे मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदांना वादक मिळाले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. त्यांचे वडील चर्चचं संगीत सांभाळायचे, आणि पुढे मुंबईत संगीतकार प्यारेलाल अँथनींकडे व्हायोलिन शिकले.

तुमच्या घरात चर्च नाही, कीर्तन नाही. पण पेटी आहे.

तुम्ही दोन वेगळी दुःखं लिहिलीत, मुलाचं आणि स्वतःचं. मला ती दोन वाटत नाहीत. बाबांची पेटी खाली काढा आणि मुलाला लेहरा धरा.

लेहरा तुम्हाला माहीत आहेच. सोळा मात्रांची एक ओळ, तीच ती, पुन्हा पुन्हा. तबलजी त्या ओळीवर स्वार होऊन कुठेकुठे जाऊन येतो आणि ती ओळ मात्र आपल्या जागी चालत राहते, म्हणजे त्याला समेची, पहिल्या मात्रेची, वाट सापडते. बैठकीत चंद्रकंसातले लेहरे खूप वाजतात, पण तुम्ही इतक्या वर्षांनी बसणार, तेव्हा भूपापासून सुरुवात करा. काळ्या-पांढऱ्याच्या भानगडी कमी. ही ओळ बघा, मी मुलांना हीच देते: ग ग रे सा, रे सा ध सा (हा ध मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला), सा रे ग प, ध प ग रे, आणि पुन्हा ग वर सम. चार-चारचे चार तुकडे. त्याचा तीनतालाचा ठेका याच्यावर बरोबर बसेल. नवव्या मात्रेला खाली (टाळी न देता हात रिकामा सोडायची जागा) आली की तुमची ओळही नव्याने सा पासून उचलते, तेव्हा त्याला खाली कानानेच कळेल, बोटं मोजावी लागणार नाहीत. पहिले चार दिवस कायदा नको, पलटे नकोत, नुसता ठेका आणि नुसती ओळ, दहा मिनिटं. जेवणाआधी, स्वयंपाक उरकल्यावर, बाहेरच्या खोलीत, जिथे सगळे असतात तिथे. आत दार लावून नाही.

एक अडचण येईल. त्याचा तबला ज्या स्वराला लागलेला आहे तोच तुमचा सा असला पाहिजे, नाहीतर दोघांनाही कानात खडा गेल्यासारखं होईल. तबला हातोडीने थोडा चढतो-उतरतो, पण फार नाही. तेव्हा कदाचित तुम्हालाच पट्टी बदलावी लागेल. तुम्ही पांढरी एकवरून शिकलात आणि त्याचा तबला काळी एकला असेल तर बोटं दोन दिवस अडखळतील. अडखळू दे. आई चुकते, थांबते, पुन्हा धरते, हे मुलाने जवळून बघण्यासारखं आहे. आपण वाजवतो ते आपल्याला हवं तसं वाजत नाही, हे दुःख त्याला एकट्यालाच आहे असं त्याला आत्ता वाटत असणार.

तुमच्या ह्यांचा प्रश्न, उपयोग काय? त्याला उत्तर तुमच्या बाबांच्या पेटीतच आहे. 1940 पासून 1971 पर्यंत आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. तिला मींड नाही, दोन स्वरांमधल्या जागा तिच्यावर घेता येत नाहीत, ती आपल्या गाण्याला पोषक नाही, अशी तक्रार होती. तुमच्या बाबांनी पेटी घेतली 1969 साली. म्हणजे पोस्टात नुकत्याच लागलेल्या एका मुलाने वर्षभर पैसे साठवले ते अशा वाद्यासाठी, ज्याला रेडिओचं दारही उघडं नव्हतं. त्यांना त्यातून नाव नको होतं, पैसा नको होता. दिवसभर टपाल हाताळून आल्यावर संध्याकाळी भाता उघडायचा होता. त्यांनी तो जन्मभर उघडला, आणि तुम्ही 41व्या वर्षी अजून तो आवाज विसरलेला नाहीत. पु. ल. देशपांड्यांना महाराष्ट्र लेखक म्हणून ओळखतो, पण लहानपणी हातात आलेली पेटी त्यांच्याकडून कधी सुटली नाही. ह्यांना एवढं जरूर सांगा की तबल्याने गणित सुधारेल असं आश्वासन मी देत नाही, कुणी देत असेल तर त्यावर विसंबू नका. पन्नाशीत, साठीत, एखाद्या वाईट दिवसानंतर, मांडीवर हात ठेवला की बोटं आपोआप ठेका धरतील. तेवढ्यासाठी मी मुलाला तबला शिकवीन.

मामंजींचं म्हणणं मला सोडून द्यावंसं वाटत नाही. शब्द पाळायला शिकवलंच पाहिजे. पण शब्द मुलाने स्वतः दिलेला असावा लागतो. तबला शिकायचं ठरवलं तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि ठरवलं तुम्ही. आता त्याला समोर बसवा आणि विचारा, कधीपर्यंत करून बघशील? त्याने म्हटलं उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत, तर सुट्टीपर्यंत. मामंजींनाच त्याचा साक्षीदार करा. तोवर कुरकुर नाही. आणि सुट्टी लागल्यावर तो म्हणाला नको, तर त्या दिवशी एकही टोमणा न मारता मान्य करा. तबला विकू नका, कुणाला देऊन टाकू नका आणि माळ्यावर तर मुळीच ठेवू नका. बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात कापड घालून असू दे. पेटी तुमची चालूच राहील. कान तर बंद करता येत नाहीत ना त्याला.

घड्याळं उघडणाऱ्या मुलाला एकदा तबला भरणाऱ्याच्या दुकानात घेऊन जा. पुडी (तोंडावरचं चामडं) कशी बांधतात, वादी (ते ताणणारी चामड्याची पट्टी) कशी ओढतात, ते बघू दे. मधली काळी शाई म्हणजे नुसता रंग नव्हे, हे त्याला कुणी सांगितलं नसेल. लोखंडाची बारीक पूड खळीत मळून तिचा पातळ थर देतात, दगडाने घोटतात, वाळला की पुन्हा थर, पुन्हा घोटणं. घोटता घोटता तिला बारीक बारीक तडे जातात आणि त्या तड्यांमुळेच ती चामड्याबरोबर मोकळी हलते. साध्या ढोलाचं कातडं वाजवलं तर त्यातले वरचे नाद एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून त्याचा नुसता धमधमाट होतो. शाईच्या वजनाने ते नाद एकमेकांच्या पटीत येतात आणि तबल्यातून स्वर निघतो. हे सी. व्ही. रामन यांनी 1920 साली लिहून प्रसिद्ध केलं, नोबेल मिळण्याच्या दहा वर्षं आधी. व्याख्या पाठ करून कंटाळलेल्या मुलाला हे दुकानात उभं राहून ऐकू दे, पुडी हातात घेऊन.

मिरजेत सतारमेकर गल्लीतूनही चक्कर मारा. पंढरपूरकडून आलेले भोपळे दारात टांगलेले असतात, त्यांचेच तंबोरे होतात. आणि मिरासाहेब दर्ग्याच्या उरुसात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं-वाजवणं होतं, तिथे त्याला न्या. तबलजीच्या जवळ, हात दिसतील अशा जागी बसा. झोप आली तर मांडीवर झोपू दे. घरी येताना 'काय शिकलास?' असं विचारू नका. एवढं माझ्यासाठी करा.

आता पेटीचं. खाली काढल्याबरोबर भाता जोरात मारू नका. इतके दिवस बंद राहिलेल्या भात्याच्या घड्या कडक झालेल्या असतात, चामडं तडकतं. आधी कोरड्या मऊ कापडाने पुसा, एक दिवस सावलीत उघडी ठेवा, उन्हात नको, लाकूड वाकतं. मग भाता हळूच एकदा उघडून सोडा. फुसफुस आवाज आला तर कुठेतरी गळतोय, उंदराने किंवा कसरीने खाल्लंय. एखादी पट्टी न दाबताच वाजत राहिली, किंवा एखादा सूर मुका झाला, तर घाबरू नका, बहुतेक वेळा पट्टीखाली किंवा सुरावर (आतल्या पितळी जिभेवर) धुळीचा कण अडकलेला असतो. पण स्वतः सुई-पिन घालू नका. दुरुस्तीवाला पितळी जीभ टोकाला खरवडून सूर चढवतो, मुळाशी खरवडून उतरवतो, केसभराचं काम असतं ते. त्याला सांगा, भाता, चामडं, नमदा बदल, सूर लावून दे, पण सूरपट्टी मूळचीच ठेव. जुने सूर बदलून नवे घालायचा आग्रह पुष्कळजण करतात. बाबांचा आवाज त्या पितळेत आहे, तो राहू दे.

पेटी परत आली की पहिल्या दिवशी मुलाला बोलवू नका. तो दिवस तुमचा. बाबा संध्याकाळी जे वाजवायचे त्यातलं जे आठवेल ते वाजवा. रडू येईल, येऊ दे. मुलगा आतून ऐकत असेलच.

दुसऱ्या दिवशी त्याला म्हणा, मला लेहरा धरायचाय, लय तेवढी तू दे. त्याच्यापेक्षा सावकाश लय घ्यायला लावू नका, त्याला आवडेल ती घेऊ दे. तो नक्की कुठेतरी चुकेल, बहुधा खालीच्या पुढे, आणि तुमच्याकडे बघेल. तेव्हा भाता थांबवायचा नाही, काही बोलायचं नाही, मान हलवायची नाही. ओळ तशीच चालू ठेवा. पुढच्या समेला येईल तो.